आल्प्स-पिरेनीजमध्ये सायकल: चढ संपल्यावरच्या संध्याकाळी आणि रात्री कशा घालवता?

चाकोरीबाहेर

मंडळी, पुढच्या उन्हाळ्यात आम्हा मित्रमैत्रिणींचा गट सायकली घेऊन आल्प्समध्ये जातोय. घाटांची यादी पक्की आहे, सायकलींचीही सोय झाली आहे. घोडं अडलंय ते संध्याकाळवर. अर्ध्या लोकांना रात्री नऊला दिवे मालवून पहाटे चढाला लागायचंय. उरलेल्यांचं म्हणणं, एवढ्या लांब जाऊन नुसतं पुढच्या चाकाकडे बघत परत यायचं असेल तर घरी जागेवरच पायडल मारायच्या ट्रेनरवर बसलेलं काय वाईट? मला दोघांचंही पटतं आणि म्हणूनच काही ठरत नाहीये.

तर विचारायचं असं, की मुक्काम शहरात ठेवावा की घाटाच्या पायथ्याच्या गावात? रात्री उशिरापर्यंत बाहेर राहून सकाळी चढता येतं का? आणि वाटेत थांबून बघावं असं काय आहे? आमच्यातली एकजण सायकल चालवत नाही पण सोबत येणार आहे, तिचंही जमायला हवं. फ्रान्सकडचा भाग जास्त डोळ्यापुढे आहे, पण इटली किंवा फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या पिरेनीजबद्दलही जरूर लिहा.

घाटमाथा

फार चांगला विषय काढलात. घाटांच्या उंच्या आणि चढाची टक्केवारी कुठेही मिळतात, संध्याकाळबद्दल कुणी लिहीत नाही.

आधी हवामानाचं बोलू, कारण तुमच्या रात्रीचा निर्णय तिथेच होतो. उन्हाळ्यात उंच डोंगरांवर सकाळ बहुधा स्वच्छ असते. ऊन तापलं की दरीतली हवा वर चढते, दुपारपर्यंत ढग उभे राहतात आणि तीन-चारच्या सुमारास गडगडाट सुरू होतो. रोज होतंच असं नाही, पण होतं त्या दिवशी २६०० मीटरवर उघड्या खिंडीत असणं जिवावर बेतू शकतं. म्हणून मोठा घाट सकाळीच उरकायचा. सराव असलेला पण शर्यतीतला नसलेला माणूस तासाला साधारण ५०० ते ६०० मीटर उंची गाठतो. यावरून उलटा हिशेब मांडला की सात-साडेसातला पायडलवर पाय हवा, हे कळतंच.

म्हणजे 'उशिरा जागा आणि सकाळी गालिबिएसारखा उंच घाट चढा' हे गणित मुळातच सुटत नाही. पण त्यामुळे रात्रच नको, असं अजिबात नाही. माझं ठाम मत असं की सहलीचं वेळापत्रक रात्रीपासून आखावं. ज्या रात्री जागायचंय ती आधी ठरवा, तिच्या दुसऱ्या दिवशी काही चढू नका, आणि मोठे घाट उरलेल्या दिवसांत बसवा. बहुतेक जण आधी घाट मांडतात आणि रात्री उरल्यासुरल्या जागेत कोंबतात. मग रोजच थोडं थोडं जागरण होतं, रोजच पाय जड, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळ्यांची तोंडं वाकडी.

उन्हाळ्यातला उजेड तुमच्या बाजूने असतो, हे विसरू नका. जुलैच्या सुरुवातीला फ्रेंच आल्प्समध्ये सूर्य साडेनऊच्या आसपास मावळतो. दुपारी दोनला सायकल ठेवली, अंघोळ आणि झोप झाली, तरी हातात चार तासांचा स्वच्छ उजेड उरतो. खालचं गाव डोंगराच्या सावलीत लवकर जातं आणि वरची शिखरं मात्र तासभर उन्हात तळपत राहतात. ते बघायला जागरण लागत नाही.

निशाचर

घाटमाथा, पटलं, पण अर्धंच. तुम्ही पायथ्याचं गाव गृहीत धरून चालला आहात. ज्यांना खरोखरच रात्रीचं शहर हवंय त्यांना बूर दोइसाँमध्ये करमणार नाही. गाव गोड आहे, आल्प द्युएझ या नावाजलेल्या घाटाचा चढ दारातून सुरू होतो, सगळीकडे सायकलवालेच दिसतात. पण तेही तुमच्यासारखेच दमलेले, दहाला गाव चिडीचूप. वरच्या स्की-गावांचं तर विचारूच नका. त्यांचा उन्हाळी हंगाम म्हणजे मुख्यतः जुलै आणि ऑगस्ट. जूनच्या सुरुवातीला किंवा सप्टेंबरच्या मध्यानंतर गेलात तर निम्म्या खिडक्या बंद असतात.

माझं मत ग्रनोबलला. विद्यापीठाचं शहर, त्यामुळे चौकांत रात्री माणसं असतात, संगीत असतं, आणि तरुण गर्दी असली तरी वातावरण मोकळं. तिन्ही बाजूंना शार्त्रूझ, व्हेर्कोर आणि बेलदोन या डोंगररांगा, म्हणजे सायकल गाडीत न घालता थेट चढाला लागता येतं. नदीवरून बास्तीय किल्ल्याकडे जाणारे ते गोल काचेचे पाळणे आहेत ना, तो रोपवे १९३४ पासून आहे. उन्हाळ्यात संध्याकाळीही चालतो. वरून तीन दऱ्यांमधले दिवे एकेक करून लागताना बघा. सायकल न चालवणाऱ्या मैत्रिणीलाही शहर सोयीचं. ट्राम आहे, संग्रहालयं आहेत, दिवसभर कुणाची वाट बघत बसायला नको.

तळं हवं असेल तर आनसी. तळ्याला वळसा घालणारा सायकलमार्ग चाळीसेक किलोमीटरचा आणि बराचसा सपाट, म्हणजे विश्रांतीच्या दिवशी पाय मोकळे करायला योग्य. जुन्या भागात कालव्याकाठी रात्री चालायला मजा येते. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी तळ्यावर आतषबाजीचा मोठा सोहळा असतो. त्या आठवड्यात खोली मिळणं अवघड, आधीच बघून ठेवा.

दगडधोंडे

शहर आणि खेडं यांच्या मधलं एक सुचवतो: ब्रियाँसाँ. १३२६ मीटरवरचं तटबंदीचं गाव. व्होबाँ या लष्करी स्थापत्यकाराने बांधलेल्या ज्या तटबंद्या २००८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेल्या त्यांत याही आहेत. जुन्या गावातली मुख्य गल्ली तीव्र उताराची आहे आणि तिच्या मधोमध दगडी पन्हळीतून पाणी वाहत असतं. पूर्वी आग लागली तर विझवायला हे पाणी वापरत. दिवसा त्या गल्लीत पर्यटकांची गर्दी असते. रात्री साडेनऊनंतर जा. दुकानं मिटलेली, पाण्याचा आवाज स्पष्ट, आणि तटावर चढलं की खाली नवं गाव दिव्यांनी उजळलेलं.

इथून एका दिवशी इझोआर (२३६० मीटर), दुसऱ्या दिवशी लोतारे खिंडीमार्गे गालिबिए (२६४२ मीटर). दोन्हीकडे बघण्यासारखं भरपूर आहे, पण लोक घड्याळाकडे बघत पुढे निघून जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इझोआरच्या दक्षिण अंगाला माथ्याच्या थोडं आधी कास देझेर्त लागतं. पिवळट घसरणीतून वर आलेले खडकांचे सुळके, झाड म्हणून नाही. तिथे कोप्पी आणि बोबे या टूर द फ्रान्स शर्यतीच्या दोन जुन्या विजेत्यांच्या स्मरणार्थ पाटी आहे. ब्रियाँसाँकडून चढलात तर हा भाग माथ्यापलीकडे पडतो. उतरून बघा आणि परत चढा, एवढं जास्तीचं चढणं सार्थकी लागतं.

गालिबिएच्या वाटेवर लोतारे खिंडीत, साधारण २१०० मीटरवर, उंच डोंगरांतल्या वनस्पतींची बाग आहे. १८९९ मध्ये सुरू झालेली. आल्प्सच नव्हे तर हिमालय, रॉकी, कॉकेशस अशा ठिकाणच्या वनस्पती तिथे लावल्या आहेत आणि समोर ला मेज शिखराची हिमनदी. सायकल न चालवणारी मैत्रीण गाडीने इथवर आली तर ती बागेत रमेल आणि तुम्ही वर जाऊन याल. लोतारेहून गालिबिएचा माथा साडेआठ किलोमीटर. माथ्याच्या थोडं खाली, बोगद्याच्या दक्षिण तोंडाशी आंरी देग्रांजचं स्मारक आहे. टूर द फ्रान्स सुरू करणारा संपादक तो. १९११ मध्ये त्यानेच शर्यत पहिल्यांदा या घाटावर आणली.

चाकोरीबाहेर

दगडधोंडे, बागेची कल्पना आमच्या सगळ्यांना एकदम आवडली. निशाचर, ग्रनोबलचंही मनात भरलंय. म्हणजे दोन मुक्काम करायचे का? की रोज पुढे सरकत जायचं?

घाटमाथा

रोज पुढे सरकणाऱ्या सहलीत संध्याकाळ उरतच नाही. सामान बांधा, सोडा, नवी खोली, किल्ली कुणाकडे, जेवायला कुठे. दोन मुक्काम उत्तम. मधल्या दिवशी गाडी किंवा आगगाडीने जागा बदला, तोच तुमचा विश्रांतीचा दिवस, आणि त्याच्या आदल्या रात्री मनसोक्त जागा.

एक बारीक पण कामाची गोष्ट. एका ठिकाणी राहिलं की कपडे धुता येतात. आल्याआल्या जर्सी आणि शॉर्ट्स बेसिनमध्ये धुवायचे, पिळायचे, मग कोरड्या टॉवेलवर पसरून टॉवेलची घट्ट गुंडाळी करायची आणि तिच्यावर उभं राहून पायाने दाबायचं. टॉवेल ओला होतो, कपडे जवळजवळ कोरडे निघतात आणि खिडकीत टांगले की सकाळपर्यंत सुकतात. हे काम संध्याकाळी बाहेर पडण्याआधी करावं. रात्री परतल्यावर कुणीही करत नाही.

तारांगण

इथे अजून खऱ्या रात्रीबद्दल कुणी बोललंच नाही! डोंगरात जाऊन शहराचे दिवे कशाला शोधायचे? तिथे जी गोष्ट घरी कधीच मिळत नाही ती म्हणजे काळोख.

पिरेनीजमध्ये तुरमाले (२११५ मीटर) चढणार असाल तर पूर्वेच्या बाजूला माथ्याच्या चार किलोमीटर आधी ला माँजी हे स्की-गाव लागतं. तिथून केबल कार पिक द्यु मिदीच्या वेधशाळेत जाते, २८७७ मीटरवर. एकोणिसाव्या शतकापासूनची वेधशाळा आहे. भोवतालच्या मोठ्या प्रदेशाला २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय काळोख-राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला आणि त्या भागातल्या गावांनी रस्त्यावरचे दिवे बदलले. वर मोजक्या खोल्या आहेत, रात्र काढता येते. खोल्या महिनोन्महिने आधी भरतात. खोली मिळाली नाही तर ठरावीक संध्याकाळी तारे बघण्याचे कार्यक्रम असतात आणि रात्री उशिरा पाळण्याने खाली आणतात. त्या रात्रीचा मुक्काम ला माँजीतच ठेवा. पाळण्यातून उतरून मध्यरात्री सायकलवर दरीत उतरायचं मनातसुद्धा आणू नका.

मी तिथे उन्हाळ्यात गच्चीवर होते, अंगात जाड जाकीट, डोक्यावर कानटोपी. सूर्य गेल्यावर आधी पश्चिमेची किनार नारिंगी होते, मग डोंगराची स्वतःची सावली पूर्वेकडच्या धुक्यावर त्रिकोणासारखी पसरते आणि हळूहळू तिच्यासकट सगळं निळं होऊन जातं. मग तारे. सोबतच्या सगळ्या बडबड्या मंडळींची वाचा बसली होती. बारमध्ये मिळणारी मैत्री वेगळी आणि ही वेगळी. मला ही जास्त प्रिय आहे.

तारखा ठरवताना चंद्र बघा. पौर्णिमेच्या आसपास आकाशगंगा दिसत नाही. १२-१३ ऑगस्टच्या सुमारास ययाती तारकासमूहातला उल्कावर्षाव भरात असतो. वेधशाळेत जाणं नाही जमलं तरी गावाबाहेर दहा मिनिटं चालत जा, दिव्याकडे पाठ करा आणि डोळ्यांना वीस-पंचवीस मिनिटं द्या. मोबाईल खिशात.

तुरमालेवरून पूर्वेला उतरलात तर सँत मारी द काँपाँला थांबायला विसरू नका. १९१३ च्या टूरमध्ये एजेन ख्रिस्तोफ या शर्यतपटूच्या सायकलचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, या उतारावर मोडला. सायकल उचलून तो खालपर्यंत चालत आला आणि गावातल्या लोहाराच्या भट्टीत स्वतःच्या हाताने फोर्क सांधला, कारण बाहेरची मदत घेणं नियमात बसत नव्हतं. भाता एका पोराने मारला म्हणून वर दंडही बसला. त्या भट्टीच्या जागी पाटी आहे. उतारावरून वेगाने येताना सहज चुकते, म्हणून आधीच सांगते.

उतारप्रेमी

सगळं वाचून आनंद झाला, पण पिण्याबद्दल कुणीच स्पष्ट लिहिलेलं नाही, म्हणून लिहितो. मी स्वतः घेतो, उपदेश म्हणून घेऊ नका.

शरीर एका ठरावीक वेगानेच दारू काढून टाकतं, ढोबळमानाने तासाला एक माप. बारापर्यंत पाच मापं झाली तर पहाटे चार-पाचपर्यंत ती रक्तात असतात आणि झोप तुटक होते. उंचावर झोप तशीही हलकी लागते. चढताना हे फारसं जाणवत नाही, घाम येतो, जरा जड वाटतं इतकंच. धोका उतारावर. गालिबिएवरून किंवा इटलीतल्या स्टेल्व्हिओवरून उतरताना पाऊण तास सतत निर्णय घ्यायचे असतात. वळणाआधी ब्रेक कधी लावायचा, समोरून येणारी मोटारसायकल किती आत येईल, रस्त्यावर खडी आहे का. झोप न झालेल्या डोक्याला हे अर्धा सेकंद उशिरा सुचतं. आणि तेवढ्या वेळात ताशी ५० च्या वेगाने तुम्ही सात मीटर पुढे गेलेले असता.

थंडीचंही ध्यानात घ्या. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी तापमान उतरतं. बूर दोइसाँमध्ये २८ असेल तर गालिबिएच्या माथ्यावर १५-१६, त्यात वारा आणि घामाने भिजलेली जर्सी. बोटं बधिर झाली की ब्रेक लिव्हर ओढताना किती जोर लागतोय ते कळत नाही. विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे हातमोजे माथ्याला पोचल्यावर लगेच घाला, फोटो नंतर.

रात्री बाहेर जाताना सायकल खोलीवरच ठेवा आणि पायी जा. फ्रान्समध्ये चालकांसाठीची ०.५ ग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. ऑस्ट्रियात सायकलसाठी मर्यादा ०.८ आहे.

निशाचर

उतारप्रेमी, शंभर टक्के सहमत. माझ्या रात्री या नेहमी विश्रांतीच्या दिवसाआधीच्याच असतात. एवढंच म्हणणं आहे की अशी एक तरी रात्र हवी आणि ती सगळ्यांनी मिळून घालवावी. जो नऊला झोपतो त्यानेही त्या रात्री यावं. आणि ज्याला रोज बाहेर जायचंय त्याने बाकीच्या रात्री दार हळू लावावं. हे निघण्याआधी मोकळेपणाने बोलून घ्या. तिथे गेल्यावर दमलेल्या अंगाने बोललं की शब्दाला शब्द वाढतो.

पायउतार

मी त्या 'सायकल न चालवणाऱ्या मैत्रिणी'च्या जागी बरेचदा असते, म्हणून माझंही ऐका. 'तू गाडीतून सामान घेऊन ये' एवढंच काम माझ्या वाट्याला आलं की सहल माझी राहत नाही. तिला दिवसाचा स्वतःचा बेत असू द्या आणि भेटीची जागा व वेळ एकच ठेवा. खिंडीत नेटवर्क दगा देतं, 'पोचलो की फोन करतो' यावर विसंबू नका. केबल कारने वर जाणार असेल तर शेवटचा पाळणा किती वाजता खाली येतो ते सकाळीच बघून घ्यावं. तो अनेक ठिकाणी संध्याकाळी पाच-साडेपाचलाच असतो.

आणि संध्याकाळी गप्पांमध्ये थोडा वेळ तरी पायांच्या ताकदीचे वॉट आणि चढाची टक्केवारी बाजूला ठेवा. तिने दिवसभरात काय पाहिलं ते विचारा. खरंच विचारा.

इटलीत जाणार असाल तर कोमो तळ्याकाठचं बेलाजिओ मला दोघांसाठीही योग्य वाटलं. तळ्यावर बोटी फिरतात, संध्याकाळी काठावर वर्दळ असते. आणि वर डोंगरात मादोना देल गिझाल्लो या मेरीमातेचं छोटं देऊळ आहे. १९४९ मध्ये पोपने या मादोनेला सायकलस्वारांची रक्षणकर्ती म्हणून जाहीर केलं. आत भिंतींवर कोप्पी, बार्ताली, मर्क्स अशा जुन्या शर्यतवीरांच्या सायकली लावल्या आहेत. शेजारी २००६ पासून सायकलींचं संग्रहालय आहे. मला शर्यतीतलं काही कळत नाही, तरी तिथे भिंतींवरचे दिवंगत सायकलस्वारांचे फोटो बघताना घसा दाटून आला.

कासवगती

इटलीतल्या दोलोमिती डोंगरांचाही विचार करा. सूर्यास्ताला ते फिकट खडक आधी केशरी, मग गुलाबी, मग जांभळट होतात. जेवण त्या वेळेच्या आधी किंवा नंतर घ्या, मध्ये नको. आणि स्टेल्व्हिओ (२७५७ मीटर, प्रातोकडून ४८ वळणं) केलात तर पलीकडे बोर्मिओत उतरा. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत, जुन्या स्नानगृहांत संध्याकाळी बसता येतं. घाट चढून आलेल्या मांड्यांना यापेक्षा सुखाची रात्र मला ठाऊक नाही.

आल्प द्युएझबद्दल एकच. २१ वळणांना आकडे आहेत, पायथ्याशी २१ आणि वर जाता जाता कमी होत जातात, प्रत्येक पाटीवर तिथल्या टप्प्याच्या विजेत्याचं नाव. एक दिवस घड्याळ न लावता, गप्पा मारत, पाट्या वाचत चढा. हळू चालवणाऱ्यालाही गटाबरोबर राहता येतं.

चाकोरीबाहेर

आज सगळ्यांना हा धागा वाचायला लावला आणि तासाभरात ठरलं! सुरुवातीचे दिवस ब्रियाँसाँ. इझोआर, मग लोतारेची बाग आणि गालिबिए. तोवर रोज लवकर झोप, पण संध्याकाळी तटावर फेरी. मग ग्रनोबल. पोचण्याच्या दिवशी चढ नाही, पाळण्याने किल्ल्यावर जायचं, आणि त्या रात्री व आदल्या रात्री कुणी घड्याळ बघायचं नाही. तारखा अमावास्येच्या जवळ घेतल्या. १४ जुलै, म्हणजे फ्रान्सचा राष्ट्रीय दिन, ब्रियाँसाँच्या दिवसांत येतोय. पिरेनीज पुढच्या खेपेला, पण पिक द्यु मिदीसाठी दोघी आत्तापासून मागे लागल्या आहेत. मैत्रीण बाग, संग्रहालयं आणि एक दिवस ई-बाईक असं स्वतः ठरवून मोकळी झाली.

एकच शंका राहिली. जुन्या गावात सायकली रात्री कुठे ठेवायच्या?

दगडधोंडे

१४ जुलैला गावोगावी आतषबाजी असते. फार कोरडा उन्हाळा असला तर वणव्याच्या भीतीने रद्द करतात, तेव्हा दोन दिवस आधी चौकशी करा. दुसऱ्या दिवशी हलकाच बेत ठेवा.

सायकलींचं: तटाच्या आत गल्ल्या अरुंद, घरांना उंच जिने. खोली घेतानाच तळमजल्यावर कुलूपबंद जागा आहे का ते लेखी विचारून घ्या, किती सायकली आहेत तेही सांगा. नसेल तर तटाबाहेर नव्या गावात मुक्काम घ्या, जुन्या गावात रात्री चढ चालून यावं लागेल इतकंच. आणि चार्जरच्या पिशवीत सायकलच्या दिव्यांच्या वायरी आठवणीने टाका. घाटांवरच्या बोगद्यांत भर दुपारीही दिवे लागतात.

चाकोरीबाहेर

कळलं, आजच विचारते. आल्यावर इथेच फोटो टाकते.